नटाने रंगवलेला प्रयोग : 'चर्चमधील प्रवेश' आणि चित्राची साक्ष

नाटकाचा प्रयोग संपल्यावर त्याचे काय उरते, हा प्रश्न रंगभूमीच्या इतिहासकाराला टाळता येत नाही. संहिता उरते, पण ती प्रयोगाआधीही होती, त्यामुळे तिला प्रयोगाचा अवशेष म्हणता येत नाही. उरतात त्या जाहिराती, हिशेबाच्या वह्या, वृत्तपत्रांतील परीक्षणे, नटांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणी आणि चित्रे. परीक्षणांत पूर्वग्रह असतात, आठवणींत आत्मगौरव असतो, हे अभ्यासक जाणतो आणि त्या बेताने सावध राहतो. चित्राबाबत मात्र ही सावधगिरी बहुधा सुटते. मजकुरात जे सांगितले त्याची खातरजमा म्हणून चित्र छापले जाते. त्या चित्राचीच उलटतपासणी क्वचित होते. इंग्लंडमधील व्हिक्टोरियन रंगभूमीवरील लेखनात तर हे विशेषच जाणवते, कारण त्या काळाने आपल्या नटांची चित्रे विपुल करून ठेवली आहेत.

जॉन्स्टन फोर्ब्ज-रॉबर्टसन याचे 'मच ॲडू अबाउट नथिंग'मधील चर्चच्या प्रवेशाचे तैलचित्र अशा उलटतपासणीसाठी फार उपयोगाचे आहे. लंडनच्या लायसिअम थिएटरात ११ ऑक्टोबर १८८२ रोजी हेन्री आयर्व्हिंगने शेक्सपिअरची ही सुखात्मिका रंगमंचावर आणली. बेनेडिक स्वतः आयर्व्हिंग, बिॲट्रिस एलेन टेरी, डॉन पेद्रो विल्यम टेरिस आणि क्लॉडिओ फोर्ब्ज-रॉबर्टसन. पुढील वर्षीच्या जूनपर्यंत या नाटकाचे २१२ प्रयोग झाले. शेक्सपिअरच्या सुखात्मिकेला हे यश त्या काळातही लहान नव्हते. चौथ्या अंकातील लग्नाचा प्रवेश हा या प्रयोगाचा मानबिंदू ठरला आणि त्याचे चित्र काढण्याचे काम आयर्व्हिंगने दिले ते आपल्याच मंडळीतील एका नटाला. आयर्व्हिंग, टेरी, टेरिस यांच्यासह विवाहासाठी जमलेला सारा समुदाय या चित्रात आहे, आणि क्लॉडिओच्या वेषात स्वतः चित्रकारही आहे. पुढे हे चित्र न्यूयॉर्कला, एडविन बूथने १८८८ मध्ये स्थापन केलेल्या 'द प्लेयर्स' या क्लबच्या संग्रहात गेले.

हा नट हौशी चित्रकार नव्हता. १८५३ मध्ये जन्मलेल्या फोर्ब्ज-रॉबर्टसनचे वडील कलासमीक्षक होते. त्याचे स्वतःचे शिक्षण रॉयल ॲकॅडमीच्या कलाशाळेत झाले आणि चित्रकला हाच व्यवसाय करण्याचा त्याचा मानस होता. विशीच्या आतच रोझेटीच्या घरी त्याची ये-जा सुरू झाली होती. रोझेटीच्या 'दान्तेचे स्वप्न' या १८७१ च्या भव्य चित्रात मृत बिॲट्रिसचे चुंबन घेणारी जी प्रेमदेवतेची आकृती आहे, तिच्यासाठी तो समोर बसला होता. १८७४ मध्ये तो रंगभूमीवर आला आणि मग तिथेच राहिला. चित्रकला त्याने पूर्णपणे सोडली नाही. अभिनयातील त्याचा गुरू सॅम्युएल फेल्प्स याचे कार्डिनल वूल्झीच्या भूमिकेतील त्याने काढलेले चित्र लंडनच्या गॅरिक क्लबकडे आहे. (रंगभूमी आपल्याला मनापासून कधी आवडली नाही, असे पुढे इंग्रजी रंगभूमीवरील सर्वोत्तम हॅम्लेटांपैकी एक गणला गेलेला हा नट म्हणत असे, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही.)

तेव्हा या चित्राकडे पाहताना पहिला विचार सहज येतो तो असा, की याहून अधिक विश्वासार्ह साक्षीदार कोठे मिळणार? चित्रकार त्या प्रवेशात रोज उभा होता. वेषभूषेचे कापड त्याच्या अंगाला लागत होते. आयर्व्हिंगची चाल, टेरीची मान वळवण्याची लकब त्याला चार हातांवरून माहीत होती. परंतु नेमकी येथेच अडचण आहे. क्लॉडिओच्या जागेवरून हे चित्र दिसत नाही. त्या जागेवरून दिसतात सहनटांचे चेहरे, विंगेतील माणसे, पायदिव्यांची झळ आणि त्यापलीकडचा अंधार. आयर्व्हिंग प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागृह काळोखात ठेवत असे. संपूर्ण रंगमंच एकाच दृष्टिक्षेपात, खांबांसह, छतासह, समुदायाच्या रचनेसह दिसतो तो फक्त प्रेक्षकाला. फोर्ब्ज-रॉबर्टसनने जे रंगवले ते त्याने त्या प्रयोगात कधीही पाहिलेले नव्हते. पाहणे त्याला शक्यच नव्हते. ज्या रात्री तो समोर बसला असता, त्या रात्री क्लॉडिओ दुसराच कोणी असता.

म्हणजे हे चित्र साक्षीचे नसून रचनेचे आहे. नटाने स्वतःला प्रेक्षकाच्या नजरेतून पाहिले आहे. आपण कसे दिसत असू, याचा अंदाज घेण्याची सवय प्रत्येक नटाला असते, किंबहुना अभिनयाचा निम्मा भाग तोच असतो. येथे त्या सवयीने तैलरंगांचे माध्यम घेतले आहे एवढेच. यामुळे चित्राचे मोल कमी होते असे नाही. ते कशाचे साधन आहे, हे मात्र बदलते.

प्रेक्षकाची ही एकच, स्थिर, समोरची नजर त्या काळच्या रंगभूमीने मोठ्या खटपटीने घडवलेली होती. १८८० मध्ये स्क्वायर बॅनक्रॉफ्टने हेमार्केट थिएटर नव्याने उघडले तेव्हा रंगमंचाच्या चारही बाजूंनी, अगदी खालीसुद्धा, सोनेरी चौकट बसवली; नाटक हे चौकटीतले चित्र आहे, ही कल्पना यापेक्षा उघडपणे मांडता आली नसती. अंकाच्या शेवटी पात्रांनी निश्चल उभे राहून चित्रासारखा देखावा करणे, ज्याला 'टॅब्लो' म्हणत, ही तर जुनीच प्रथा होती. उलट दिशेने चित्रकारही आपल्या कॅनव्हासवर रंगमंचाची मांडणी करीत. मार्टिन माइझेल याने 'रिअलायझेशन्स' (१९८३) या ग्रंथात कादंबरी, चित्र आणि नाटक या तिन्हींत एकोणिसाव्या शतकात चाललेली ही देवघेव सविस्तर दाखवली आहे. लायसिअममध्ये तर चित्रकारांचा राबताच होता. आयर्व्हिंगच्या 'किंग आर्थर'साठी (१८९५) बर्न-जोन्सने आणि 'कोरिओलेनस'साठी (१९०१) अल्मा-टाडेमाने आराखडे केले. एलेन टेरीचे आयुष्य तर लहानपणापासून चित्रकारांच्या घराशी जोडलेले होते. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले होते ते चित्रकार वॉट्सशी.

अशा रंगभूमीवर चर्चचा प्रवेश कसा दिसला? नेपथ्य विल्यम टेलबिनचे होते. मेसिनाच्या कॅथीड्रलचा आतला भाग त्याने उभा केला. नुसता रंगवलेला मागचा पडदा नव्हे, तर सुमारे तीस फूट उंचीचे घडीव गोल खांब, नक्षीदार लोखंडी दारे, किरमिजी मखमलीचे छत आणि त्याला टांगलेले सोनेरी दिवे. गॅसच्या मंद, किंचित हलणाऱ्या उजेडात हे सगळे किती भव्य वाटत असेल, याची कल्पना समकालीनांच्या वर्णनांवरून येते. तरीही टेलबिनचे खांब दगडाचे नव्हते. लाकडी सांगाडा, कापड आणि रंग यांचे ते काम होते, आणि जिवंत नट शेजारी उभा राहिला की त्यातला सांधा जाणत्या नजरेला दिसत असणारच. चित्रात हा सांधा नाहीसा होतो. कापडी खांब आणि हाडामांसाचा आयर्व्हिंग, दोघेही कॅनव्हासवर एकाच द्रव्याचे बनतात. रंगमंचाला जी एकजीवता साधायची होती आणि कधीच पूर्णपणे साधत नव्हती, ती चित्राने एका फटक्यात बहाल केली. त्यामुळे टेलबिनचे चर्च या चित्रात प्रत्यक्षापेक्षा अधिक खरे झाले आहे. व्हिक्टोरियन नेपथ्य 'हुबेहूब' होते असे विधान अशा चित्रांच्या आधारे केले जाते तेव्हा ही चक्राकार युक्ती लक्षात येत नाही: चित्रासारखे दिसू पाहणाऱ्या रंगमंचाचे यश त्याच्या चित्रावरूनच ठरवले जाते.

आता संहितेकडे वळावे. १६०० च्या क्वार्टो आवृत्तीत या प्रवेशाच्या आरंभी फक्त येणाऱ्या पात्रांची यादी आहे. स्थळाचा उल्लेख नाही. 'चर्च' ही सूचना पुढच्या संपादकांनी घातली. संवादांवरून ती सहज निघते हे खरे, पण शेक्सपिअरच्या रंगमंचावर ते चर्च शब्दांनीच उभे राहत होते आणि प्रवेश संपताच शब्दांबरोबरच मावळत होते. लगेच पुढचा प्रवेश सुरू होई, डॉगबेरी आणि त्याच्या गस्तवाल्यांचा. त्या पुढच्या प्रवेशात क्वार्टोने एक विलक्षण गोष्ट जपून ठेवली आहे. डॉगबेरी आणि व्हर्जिस यांच्या भाषणांआधी पात्रांच्या नावांऐवजी 'केम्प' आणि 'काउली' ही नटांची नावे छापली गेली आहेत. लिहिताना शेक्सपिअरच्या डोळ्यांपुढे पात्राऐवजी विल केम्प उभा राहिला, आणि ते कागदावर तसेच उतरले. प्रयोगाचा खराखुरा अवशेष म्हणावा तर तो हा. कोणी कोणाला दाखवण्यासाठी तो जपलेला नाही. नजरचुकीने राहून गेलेला आहे. संपादकांची 'चर्च' ही एकशब्दी सूचना मात्र वाढत वाढत १८८२ मध्ये तीस फुटी खांबांपर्यंत पोचली आणि तिथून तैलचित्रात स्थिरावली. एका बाजूला नटाचे नाव संहितेत शिरते, दुसऱ्या बाजूला संपादकाचा शब्द वास्तू होतो. यांपैकी कोणती नोंद प्रयोगाच्या अधिक जवळची, हे उघड आहे.

खांब उभे केल्याचा एक परिणाम असा झाला, की एवढा अवजड देखावा चटकन हलवता येत नसल्याने चर्चच्या प्रवेशावर पडदा पाडणे भाग पडले. शेक्सपिअरचा सलग प्रवाह तेथे तुटला, आणि पडदा पाडायचा तर तो कशावर, हा प्रश्न निर्माण झाला. या प्रवेशाचे दोन भाग आहेत. पहिल्यात भरसमुदायात क्लॉडिओ वधू हीरोवर बदफैलीपणाचा आरोप करतो, ती कोसळते, आणि तो आपल्या सोबत्यांसह निघून जातो. दुसऱ्यात हळूहळू सगळे गेल्यावर रिकाम्या चर्चमध्ये बिॲट्रिस आणि बेनेडिक उरतात. एकमेकांवरील प्रेमाची कबुली देतात. आणि काय करू सांग, असे तो विचारतो तेव्हा क्लॉडिओला मारून टाक, असे ती दोन शब्दांत सांगते. विनोदी नाटकाच्या मधोमध हा मागण्याचा क्षण एवढा अनपेक्षित आहे, की तो पेलण्यावरच या भूमिकांची कसोटी लागते. शेक्सपिअरने त्याचा शेवट कोणत्याही टाळीच्या वाक्याने केलेला नाही. बेनेडिक शांतपणे निरोप घेऊन जातो.

जुन्या इंग्रजी नटांना हे पुरे वाटत नसे. त्यांनी येथे पदरची वाक्ये घातली होती: बिॲट्रिसने पुन्हा एकदा मारण्याचा आग्रह धरायचा आणि बेनेडिकने जिवाची शपथ घेऊन जोरकस होकार द्यायचा, की पडदा. आयर्व्हिंगला ही वाक्ये हवी होती. ती नसतील तर पडदा शांततेत पडेल, अशी त्याला धास्ती वाटत होती. टेरीला ती मुळीच मान्य नव्हती. आपल्या आत्मचरित्रात (१९०८) तिने हा तंटा सांगितला आहे: तिने विरोध केला, पुष्कळ समजावले, अखेर रडू कोसळले आणि मान तुकवावी लागली. त्याच पुस्तकात आयर्व्हिंगच्या संथ, ठाशीव लयीमुळे आपल्या बिॲट्रिसला हवा तसा वेग घेता आला नाही, अशीही तिची तक्रार आहे. १८८० च्या सुमारास लीड्सला तिने ही भूमिका प्रथम केली होती, आणि बिॲट्रिसविषयी तिची स्वतःची पक्की समजूत होती.

फोर्ब्ज-रॉबर्टसनच्या चित्रात यातले काहीच नाही, आणि असणे शक्यही नव्हते. चित्राला समुदाय हवा होता, त्यामुळे त्याने प्रवेशाचा पहिला भाग घेतला. पण शक्य-अशक्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ही निवड निष्पाप नाही. समुदायाचा क्षण हा व्यवस्थापकाचा क्षण आहे: नेपथ्य, वेषभूषा, समूहाची मांडणी, म्हणजे ज्या ज्या गोष्टींवर आयर्व्हिंगची मोहर होती त्या सर्व तेथे एकत्र येतात. रिकाम्या चर्चमधला क्षण टेरीचा होता, आणि त्या क्षणाच्या शेवटी तिच्यावर लादलेली वाक्ये होती. चित्र पाहणाऱ्याला टेरी दिसते, तिचा पोशाख दिसतो. तिचा पराभव दिसत नाही. तो केवळ शब्दांतून कळतो. व्हिक्टोरियन रंगभूमी म्हणजे दृश्याची रंगभूमी, असे समीकरण मांडताना तिचा इतिहासही दृश्य साधनांतूनच लिहायचा असे ठरवले, तर त्या रंगभूमीत शब्दावरून झालेले झगडे इतिहासाबाहेर जातात. ही हानी थोडी नाही.

चित्रकार नेमका क्लॉडिओ होता, या गोष्टीला नाटकाच्या आशयामुळे आणखी एक अर्थ येतो. हीरोवरचा आरोप क्लॉडिओ कशाच्या बळावर करतो? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, या बळावर. डॉन जॉनच्या कटानुसार रात्री दुरून त्याला एक देखावा दाखवला जातो: हीरोच्या खिडकीशी हीरोच्या वेषातली मार्गारेट, आणि तिच्याशी बोलणारा बोराचिओ. अंतर, अपुरा उजेड, ओळखीचा पोशाख आणि आधीच मनात भरवून दिलेला अर्थ, एवढ्या सामग्रीवर त्याची खात्री पटते. हा खिडकीचा प्रसंग शेक्सपिअर रंगमंचावर आणतच नाही. तो बोराचिओच्या बढाईतून कळतो. प्रेक्षकाला पाहायला मिळते ते फक्त पाहण्याचे फळ, म्हणजे चर्चचा प्रवेश. नाटकाच्या नावातही हा खेळ आहे, असे अभ्यासक दाखवतात. 'नथिंग' आणि 'नोटिंग' हे शब्द एलिझाबेथच्या काळात उच्चाराने जवळजवळ एकच होते, आणि दुसऱ्यावर नजर ठेवणे, चोरून ऐकणे, त्यावरून तर्क बांधणे हाच या नाटकाचा सारा व्यापार आहे. ज्या नाटकात डोळ्यांची साक्ष खोटी ठरते, त्या नाटकाच्या चित्राला डोळ्यांची साक्ष म्हणून विनातक्रार स्वीकारणे हे जरा विचित्रच. हीरोचे निर्दोषत्व उघडकीस येते तेही पाहण्याने नव्हे. गस्तवाल्यांनी अंधारात जे ऐकले, त्याने.

याच संदर्भात लायसिअमशी निगडित दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध चित्राचा विचार करण्यासारखा आहे. २९ डिसेंबर १८८८ रोजी आयर्व्हिंगने 'मॅकबेथ' रंगमंचावर आणले आणि पुढच्या वर्षी सार्जंटने लेडी मॅकबेथच्या वेषातील टेरीचे तैलचित्र काढले. भुंगेऱ्यांचे हिरवे पंख शिवलेला पोशाख, लालभडक केसांच्या वेण्या, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेला मुकुट. प्रयोगात टेरी मुकुट असा उचलीत नव्हती. हा आविर्भाव सार्जंटची निर्मिती आहे. तरीही त्या लेडी मॅकबेथविषयी हे चित्र पुष्कळ काही सांगते, आणि ते खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. सार्जंटने प्रयोगाची नोंद केल्याचा आव आणला नाही, त्यामुळे त्याला प्रश्न कोणी विचारत नाही. फोर्ब्ज-रॉबर्टसनच्या चित्राला मात्र हा आव आहे. एकाने प्रयोगात नसलेला क्षण उघडपणे रचला. दुसऱ्याने असलेला क्षण अशा ठिकाणाहून रचला, जिथे तो स्वतः नव्हता. कलाकृती म्हणून सार्जंटचे चित्र श्रेष्ठ आहे याविषयी दुमत नसावे. प्रामाणिकपणातही तेच वरचढ आहे.

१८९८ च्या फेब्रुवारीत लायसिअमच्या गोदामाला आग लागली आणि ४४ नाटकांचे नेपथ्य जळून गेले. आयर्व्हिंगच्या पडत्या काळाची सुरुवात त्या आगीपासून मानली जाते. त्यानंतर लायसिअमच्या देखाव्यांचे रूप पाहायचे तर अशा चित्रांकडेच यावे लागते, आणि म्हणून त्यांच्याविषयीचा आदरही वाढत गेला. मूळ वस्तू नाहीशी झाली की प्रतिमेला मूळ वस्तूचा मान मिळतो.

१९०३ मध्ये एलेन टेरीने लंडनच्या इम्पीरिअल थिएटरात पुन्हा एकदा बिॲट्रिसची भूमिका केली. या वेळी दिग्दर्शन आणि नेपथ्य तिचा मुलगा एडवर्ड गॉर्डन क्रेग याचे होते. क्रेग लायसिअममध्येच नट म्हणून वाढला होता. आयर्व्हिंगला तो गुरू मानी. चर्चच्या प्रवेशासाठी त्याने खांब उभे केले नाहीत. पडद्यांनी घेरलेली मोकळी जागा, आणि न दिसणाऱ्या रंगीत काचेच्या खिडकीतून यावा तसा वरून जमिनीवर पडलेला रंगीबेरंगी उजेडाचा झोत. पात्रे त्या उजेडात आली की रंगत आणि बाहेर पडली की काळवंडत. लंडनच्या प्रेक्षकांनी या प्रयोगाकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि त्या हंगामात टेरीला मोठा तोटा सोसावा लागला.